ट्रंकेतली फौजी पत्रं : सीमाभागातल्या घरांनी ती कशी जपावीत, कशी वाचावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात तीन-तीन पिढ्या फौजेत गेलेली मराठी घरं गावोगाव आहेत. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळे भरतीचं मैदान दारात होतं. मेसोपोटेमियापासून (म्हणजे आजच्या इराकपासून) कारगिलपर्यंतच्या लढायांतून या घरांत पत्रं आली. आता जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधायला घेतलं की माळ्यावरची ट्रंक खाली येते. त्यातली पत्रं बऱ्याचदा रद्दीबरोबर जातात, नाहीतर कुणीतरी मोठ्या प्रेमाने ती लॅमिनेट करून त्यांची कायमची वाट लावतं.

या पत्रांत लढाई शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. आपण कुठे आहोत, कुठे निघालो, पलटणीचं काय झालं, हे लिहायला सेन्सॉरची बंदी होती. म्हणून जवान लिहायचा ते घराबद्दल : भात किती झालं, बैलाचं काय केलं, धाकट्याला शाळेत घातलं का. अशा पत्राचा अर्थ घरातल्या आणि गावातल्या माणसालाच लागतो. कुणी संशोधक येईल आणि करेल याची वाट बघू नका. हे काम तुम्ही करा, आणि घरातली जुनी माणसं आहेत तोवर करा.

हात लावण्याआधी

ट्रंक उघडल्याबरोबर पत्रं बाहेर काढू नका. आधी आहे त्या स्थितीत मोबाईलने फोटो घ्या. कुठलं पत्र कशाखाली होतं, कुठल्या गठ्ठ्याला कुठली दोरी होती, पत्रांबरोबर पदक, फोटो, पासबुक असं काय होतं, हे सगळं फोटोत यायला हवं. हा क्रम एकदा मोडला की परत जुळत नाही.

आपल्याकडे पत्रं तारेच्या आकड्यात ओवून भिंतीला टांगायची पद्धत होती. तसा आकडा सापडला तर जास्तच जपा. प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक असतं आणि भोकाभोवती गंजाचा तपकिरी डाग पसरलेला असतो. नवं पत्र वरून ओवलं जायचं, म्हणजे सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं. तारीख पुसलेल्या पत्राचा काळ ठरवायला हा क्रम फार उपयोगी पडतो. म्हणून तारेवर असतानाच वरून खाली क्रमांक द्या, तोही पत्रावर नको, वेगळ्या चिठ्ठीवर. मग तार सरळ करून, गंज कागदाला घासू न देता, एकेक पत्र हलकेच उतरवा. ओढलं तर भोकापासून कागद चिरतो.

कामाला मुहूर्त निवडा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. जांबोटी-कणकुंबीकडची ओल तर विचारायलाच नको, पण बेळगाव शहरातही जून ते सप्टेंबर कागद दमट असतो, घड्या चिकटतात, शाई उतरते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

सफाई आणि ठेवण

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पत्रावरची धूळ मऊ, रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडा. ओलं फडकं अजिबात नको. बुरशी दिसली तर ते पत्र इतरांपासून वेगळं ठेवा, तोंडाला मास्क लावा, सावलीत हवेशीर जागी सुकू द्या आणि मगच झाडा. उन्हात घालू नका, निळी शाई उन्हाने उडते.

टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढून टाका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा मोह होतो, तो आवरा. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि खालची अक्षरं खातो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते उलटवता येत नाही. घडी उघडताना कागद तडकतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि दिसतंय तेवढ्याचाच फोटो घ्या. पुढचं काम कागद-संवर्धनाची माहिती असलेल्या माणसाचं.

ठेवण्यासाठी आम्लमुक्त कागदाचे लिफाफे घ्या. ते मिळेपर्यंत निदान वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पत्रं घडीवर घडी न ठेवता सपाट ठेवा. डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला पत्रांना चिकटून नको, दोन्हींचे डाग पडतात. पेटी जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही टळतात. वर्षातून दोनदा उघडून कसर लागली का ते बघा.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. कोपरा फाडलेलं कार्ड सापडलं तर तो कोपरा जोडायला जाऊ नका. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा मुद्दाम फाडत असत, म्हणजे वाचता न येणाऱ्या घरालाही हातात पडताच कळे. तो फाटलेला कोपरा पत्राचाच भाग आहे.

फोटो किंवा स्कॅन

सपाट स्कॅनर असेल तर साधी पत्रं ३०० डीपीआयला, फिकट शाईची किंवा पेन्सिलीची ६०० डीपीआयला रंगीत घ्या. काळं-पांढरं केलं की शिक्के आणि शाईचे फरक जातात. मोबाईलने घेणार असाल तर खिडकीजवळ, पण थेट ऊन नसलेल्या जागी, कॅमेरा कागदाला समांतर धरून, फ्लॅश बंद ठेवून घ्या. कडा कापू नका. कोरी पाठ, पाकीट, तिकीट, शिक्का, सगळ्याचा फोटो हवा. मनीऑर्डरचं कुपनही पत्रच समजा. त्यावरच्या चार बोटं जागेत कित्येकांनी महिनाभराचं बोलणं बसवलेलं असतं.

फाईलला नाव देताना वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा, म्हणजे यादी आपोआप लागते. तारीख माहीत नसेल तिथे शून्य टाका. प्रती तीन ठेवा : एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाईन, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

तारीख नसलेल्या पत्राचा काळ कसा ओळखायचा

सीमाभागातल्या पत्रांना यात एक सोय आहे, जी इतरांना नाही : आपल्या जिल्ह्याचा पत्ताच बदलत गेला. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून त्याआधीच्या पाकिटावर मुंबई इलाखा किंवा मुंबई राज्य असं सापडतं. त्यानंतर म्हैसूर राज्य आलं. १ नोव्हेंबर १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर कोल्हापुरात गेला. तेव्हा ‘ता. चंदगड, जि. बेळगाव’ असा पत्ता दिसला की पत्र बहुतेक १९५६ च्या आधीचं. बहुतेक एवढ्याचसाठी, की सवयीने जुना पत्ता लिहिणारे पुढेही काही वर्षं तसंच लिहीत राहिले. केवळ पत्त्यावर निकाल देऊ नका, दुसरा पुरावा जोडा.

दुसरा पुरावा टपालाचा. निळं आंतर्देशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० पासून निघालं. तिकिटावर आणे असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं, नये पैसे असतील तर नंतरचं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पाकिटावर निर्वासित साहाय्याचं ५ पैशांचं जादा तिकीट असेल तर ते नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ या काळातलं, म्हणजे बांगलादेश युद्धाच्या आगेमागे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी फौजेसाठी पंचम जॉर्जच्या तिकिटांवर आय.ई.एफ. (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) ही अक्षरं छापलेली असत. ती दिसली तर तिकीट पाकिटावरून सुटं करू नका.

जुन्या पत्रांत शके असेल तर त्यात ७८ मिळवा, शके १८३८ म्हणजे १९१६-१७. नुसती तिथी असेल आणि वर्ष कळलं असेल तर पंचांगावरून दिवस काढता येतो. आणि मजकुरात सौंदत्तीची जत्रा, बेंदूर, भाताची मळणी, रताळ्याची लावण असं काही आलं असेल तर महिना जवळपास हातात येतोच.

पलटण आणि पत्ता

पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि पलटण पहिल्यांदा वेगळ्या वहीत उतरवून घ्या. इथे मोठा घोळ होतो, कारण १९२२ मध्ये मराठा पलटणींचे आकडे बदलले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या जुन्या पलटणी मिळून पाचवी मराठा रेजिमेंट झाली आणि त्या अनुक्रमे तिच्या १, २, ३, ४ आणि ५ क्रमांकाच्या पलटणी झाल्या. ११४ वी ही प्रशिक्षणाची दहावी पलटण झाली. म्हणून १९१६ च्या पत्रातली ‘एकशेदहा’ आणि १९४४ च्या पत्रातली ‘तीन-पाच’, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी, ही एकच पलटण. आजोबा आणि पणजोबा वेगवेगळ्या पलटणीत होते असं सांगणाऱ्या कित्येक घरांनी हे एकदा ताडून बघावं. पत्रात आकड्याऐवजी टोपणनावही येतं. जंगी पलटण म्हणजे पहिली, काली पाँचवी म्हणजे दुसरी.

आकडा कळला की मुलूख कळतो. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणींचे जवान मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात सापडले होते. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला आणि शेवटी शरणागती झाली. अशा जवानाची पत्रं १९१५ च्या अखेरीस अचानक थांबलेली दिसली तर त्याचं कारण हे असू शकतं. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी १९४१ ला एरिट्रियातल्या केरेनला लढल्या, पुढे इटलीत गेल्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच.

स्वातंत्र्यानंतरच्या पत्रांवर ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ असतं. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, फौजेचं टपाल कार्यालय. हे गावाचं नाव नाही. ५६ चं टपाल दिल्लीहून आणि ९९ चं कोलकात्याहून वाटलं जातं, आणि पत्ता पलटणीला जोडलेला असतो, जागेला नाही. पलटण पठाणकोटहून लडाखला गेली तरी घरच्यांनी लिहायचा पत्ता तोच. त्यामुळे आकड्यावरून गाव ठरवू नका. मात्र ५६ चं ९९ झालेलं दिसलं तर माणूस पूर्वेकडे गेला असावा, एवढं म्हणता येतं.

लिपी आणि उतारा

पहिल्या महायुद्धातलं पत्र मोडीत असण्याची बरीच शक्यता आहे. मोडीत ओळीची रेघ आधी ओढून मग अक्षरं लटकवतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. नवख्याला एक पान वाचायला संध्याकाळ जाते. तरी शिकायला हरकत नाही, कारण फौजी पत्रांची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. ‘तीर्थस्वरूप’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘विनंती विशेष’, ‘इकडील सर्व क्षेम’ हे शब्द आधी ओळखा, त्यातून त्या हाताची अक्षरं कळतात, आणि मग मधला मजकूर सुटायला लागतो. इंग्रजी अमदानीत फौजेत रोमन लिपीतून हिंदुस्थानी शिकवत. तेव्हा इंग्रजी अक्षरांतलं पत्र दिसलं म्हणून ते इंग्रजी समजून बाजूला टाकू नका, मोठ्याने वाचून बघा.

उतारा करताना एक अक्षरही सुधारू नका. ‘येऊलालो’, ‘जाऊलालाय’ असं लिहिलं असेल तर तसंच राहू द्या. मध्येच कानडी शब्द आला, अव्वा, तम्मा आले, तरी तसेच ठेवा. तो त्या माणसाचा आवाज आहे. वाचता न आलेल्या जागी टिंबं टाका, अंदाज चौकटी कंसात लिहा. ओळ जिथे संपते तिथेच संपवा, म्हणजे पुन्हा मूळ पत्राशी ताडता येतं.

वाचायचं कसं

आता खरं काम. जवानांनी घरी लिहिलेली पत्रं राहिली, पण घरून गेलेली पत्रं सहसा राहिली नाहीत. मोर्चावरचा माणूस पाठीवरच्या सामानात किती कागद सांभाळणार? म्हणजे तुमच्या हातात संवादाची एकच बाजू आहे. दुसरी बाजू त्या पत्रातूनच काढावी लागते.

एक वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे पत्रातलं वाक्य, उजवीकडे घरून काय विचारलं किंवा कळवलं असेल ते. समजा पत्रात एवढंच आहे : ‘तांबड्याची जोडी मोडू नये. सावकाराचे सुगीला बघू. आक्काच्या पोरीचे तुम्ही ठरवाल ते मला मान्य, रजा बंद आहे.’ वरवर बघता काहीच नाही. पण उजवी बाजू भरायला घ्या. घरच्यांनी बैल विकायचं विचारलं होतं. का? सावकाराचा तगादा होता. मग तो कशाचा, औताचा की आधीच्या लग्नाचा? भाचीचं स्थळ आलं होतं आणि मामा म्हणून त्याच्या शब्दाला मान होता, एरवी त्याला कुणी विचारलंच नसतं. आणि रजा बंद आहे, हे तीन शब्द युद्धाचे. लढाई जवळ आली की रजा बंद होतात. भाचीच्या लग्नाचं साल घरात कुणाला तरी आठवतं. ते साल १९६५ किंवा १९७१ निघालं, की तारीख नसलेलं पत्र जागेवर बसतं. सेन्सॉरने पुसलेली गोष्ट घरच्या लग्नाने कळते, ती अशी.

अक्षराकडेही बघा. पहिल्या महायुद्धात आणि पुढेही पुष्कळ काळ पत्र लिहिणारा हात जवानाचाच असेल असं नाही. पलटणीतला एखादा लिहिणारा दहाजणांची पत्रं लिहायचा, इकडे मास्तर किंवा पोस्टमन ती वाचून दाखवायचा. नवऱ्याचा शब्द बायकोपर्यंत असा दोन परक्या माणसांतून पोचायचा. म्हणूनच तिचं नाव पत्रात सापडत नाही. ‘चिरंजीवाच्या आईस सांगणे’, ‘घरात सांगावे’ एवढंच असतं. त्याच्या पुढचं वाक्य नीट वाचा. ‘रात्री दिवा घेऊन गोठ्यात जावे’ असं काही असेल तर ते काळजीचं पत्र आहे, आणि ते फक्त तिच्यासाठी आहे. एरवी स्वतः लिहिणाऱ्याचं अक्षर एकाएकी बदललं, तर हाताला काही लागलं होतं का, हे विचारात घ्या. पत्त्यात इस्पितळ आलंय का ते बघा.

शिवाय पत्रांमधल्या रिकाम्या जागा मोजा. सगळी पत्रं तारखेने लावून कुठे किती महिने काहीच नाही ते मांडा. मोठी फट दिसली की त्या काळातली पलटणीची हालचाल, मनीऑर्डरची कुपनं, तार, काय मिळतं ते त्या जागेत ठेवा.

मग घरातल्या जुन्या माणसाजवळ बसा. ‘युद्धाबद्दल सांगा’ असं विचारलं तर आज्जी दोन वाक्यांत संपवेल. त्यापेक्षा पत्र सावकाश मोठ्याने वाचा, जसं लिहिलंय तसं, आणि नाव आलं की थांबा. तांबडा म्हटल्यावर ती स्वतःच बोलू लागते : तो कुठून आणला होता, कुठल्या बाजारातून, शेवटी कुणाला दिला. मोबाईलचं रेकॉर्डिंग तिला सांगूनच चालू करा. पत्र कोण वाचून दाखवायचं, तेव्हा ती कुठे बसायची, तिला जे सांगायचं होतं ते मास्तरांसमोर सांगता आलं का, हे विचारा. यातलं काहीच कुठल्या दप्तरात नाही. तिला नको वाटलं तर वही मिटा. वीरपत्नीच्या बाबतीत तर पत्र आधी तिच्या हातात द्या, वाचायचं की नाही ते ती ठरवेल.

बाहेरचे कागद

लढाईत गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाची ऑनलाईन यादी बघा, त्यात दोन्ही महायुद्धांतले हिंदी जवान आहेत. नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो, पण इंग्रजी स्पेलिंग वाटेल तसं. एकाच गावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा, आणि नावापेक्षा नंबरने शोधा. पदक असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर भिंगाने बघा.

फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी जवानांच्या पत्रांतले उतारे सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून घेतले होते, ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ते इंग्रजी तुकडे आहेत, मूळ पत्रं नव्हेत. हे कळलं की तुमच्या ट्रंकेतल्या मूळ मराठी पानाची किंमत कळते. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही चाळा. स्वातंत्र्यानंतरच्या सेवेसाठी वारसाने बेळगावच्या मराठा लाईट इन्फन्ट्री अभिलेख कार्यालयाला लेखी अर्ज करावा, सोबत नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि नात्याचा पुरावा जोडावा. नंबर नसेल तर शोध फार कठीण होतो, म्हणून आधी पेन्शनचे जुने कागद धुंडाळा.

दाखवण्याआधी

पत्राचा कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. न छापलेलं पत्र त्याच्या पश्चात पहिल्यांदा छापलं तर तो हक्क छापल्यापासून पुढे ६० वर्षं चालतो. भावकीतल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय छापू नका. पत्रात शेतीचा वाद, कुणाचा आजार, कुणाची बदनामी असेल तर तेवढा भाग झाका, निदान ती माणसं किंवा त्यांची मुलं आहेत तोवर. अलीकडची पत्रं, कारगिलच्या वेळची किंवा त्यानंतरची, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना नंबर, पलटण आणि ठिकाण दिसणार नाही असं बघा. सेवा क्रमांक पेन्शनशी जोडलेला असतो, त्याचा गैरवापर होऊ शकतो.

मूळ पत्रं घरातच ठेवायची की संस्थेला द्यायची, हा घराचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर स्कॅन द्या, मूळ घाईने देऊ नका. द्यायचंच ठरलं तर यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी द्या, आणि पत्रं कोणत्या अटीवर दिली, कुणाला बघता येतील, परत मागता येतील का, हे त्याच कागदावर लिहून घ्या. उताऱ्याची एक छापील प्रत गावच्या मराठी शाळेत किंवा वाचनालयात ठेवा आणि त्यात पहिल्या पानावर पत्रातल्या सगळ्या माणसांची नावं, नाती आणि गावं लिहा. एका घरच्या पत्रात आलेला ‘आपल्या गावचा दोस्त’ बहुतेक वेळा दोन गल्ल्या पलीकडच्या घरातला निघतो, आणि त्या घरातही माळ्यावर एक ट्रंक असते.